न मोडणारी सायकल

माझी मुलगी गेली, त्यानंतरचं सगळं वर्ष मी सायकलीचे भाग निवडण्यात घालवलं. आज पुष्कळ वर्षांनी हे सरळ लिहिता येतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, कामासाठी सायकल बांधून घेतोय. आणि ते खोटंही नव्हतं.

संस्थानाचा काळ होता. जव्हारला दरबारच्या दवाखान्यात मी देवीची लस टोचण्याच्या कामावर होतो. लोक डॉक्टर म्हणत, मी दुरुस्त करत नसे. एकेकाला सांगत बसलो असतो तर दिवस त्यातच गेला असता. काम साधं होतं. पोराच्या दंडावर ओरखडे काढायचे, त्यावर लस चोळायची आणि आठव्या दिवशी परत जाऊन बघायचं. फोड उठले असतील तर लस लागली. दंड कोरा असेल तर लागली नाही, पुन्हा टोचायची.

लस काचेच्या बारीक नळ्यांतून यायची. इगतपुरीपर्यंत रेल्वेने, आणि तिथून पुढे माझ्या हाती. जव्हारहून मोखाडा, मोखाड्याहून खोडाळा, खोडाळ्याहून इगतपुरी असा तो रस्ता. रस्ता म्हणायचं आपलं, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. मोखाड्याच्या अलीकडे संस्थानाची हद्द संपून इंग्रजी मुलूख लागायचा, पण खड्ड्यांना त्याची खबर नव्हती. बैलगाडीने जाऊन यायला चार-पाच दिवस जात, आणि लशीला ऊन सोसत नाही. दूध नासलं तर वास येतो. लस नासली तर वास येत नाही, रंग बदलत नाही, काही नाही. आठव्या दिवशी कोरा दंड बघायचा आणि तेव्हा समजायचं.

फाल्गुनात आमच्या आळीतल्या पोरांना टोचलं. लोकांची आठ, नववी माझी, चार वर्षांची. स्वतःच्या पोरीला सगळ्यात शेवटी टोचायचं, हा माझा मोठेपणा. नळीत उरलेलं तिच्या वाट्याला आलं. आठव्या दिवशी आठ दंडांवर फोड उठले होते, तिचा दंड कोरा होता. गावात तोवर दोन घरी देवीचा रोग शिरला होता आणि दवाखान्यात एकही नळी शिल्लक नव्हती. बाजारातल्या एका दुकानदाराकडे सायकल होती. ती मागून आणली आणि त्याच दिवशी इगतपुरीला निघालो.

लस मिळाली. येताना खोडाळ्याच्या पुढे उतारावर मागच्या चाकाच्या चार-पाच तारा एकदम तुटल्या आणि रिम पिळवटली. सायकल कधी ढकलत, कधी खांद्यावर टाकून चालत आलो. दोन दिवस उशीर झाला. घरी पोचलो तेव्हा तिच्या अंगात ताप होता आणि बायकोने चुलीवरची फोडणी बंद केली होती. घरात देवी आली की तेल तापवायचं नाही, डोक्याला तेल लावायचं नाही, देवीला तेल सोसत नाही, ही रीत सगळीकडे आहे. मी लस टोचणारा माणूस, पण बायकोला अडवलं नाही. तीन आठवडे आमच्याकडे बिनफोडणीचं वरण होतं. त्यातल्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी गेली.

मी रडलो नाही. धीराचा वगैरे म्हणून नव्हे. काही वाटतच नव्हतं. भूक लागायची, जेवायचो. झोप यायची, झोपायचो. लोक येऊन बसायचे, त्यांच्याशी पिकापाण्याचं बोलायचो. सुपारी खूप खाऊन जीभ जड होते, चुना लागला तरी कळत नाही, तसं ते सगळीकडे झालं होतं. बायको रडली, मग तीही थांबली. आम्ही एकमेकांशी नीटच वागत होतो. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

या सगळ्यात एकच गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. चाक मोडलं नसतं तर मी दोन दिवस आधी पोचलो असतो. हे गणित मी इतक्या वेळा केलं की त्याचा आधार वाटू लागला. दोष चाकाचा होता आणि चाक बदलता येतं. मी दरबाराकडे अर्ज केला की, लस आणण्यासाठी स्वतःची सायकल ठेवण्याची परवानगी मिळावी. परवानगी मिळाली. तयार सायकल मात्र घ्यायची नाही असं मी ठरवलं होतं. तयार सायकलीत दुसऱ्या कुणीतरी आपल्या मर्जीने कुठेतरी कमी केलेलं असतं.

लस आणायला इगतपुरीला गेलो की एक दिवस पुढे काढून मी नाशिकला जायचो. तिथे एक म्हातारा सायकल कारागीर होता. तोंडात कायम पानाचा तोबरा, त्यामुळे बोलायचा कमी; थुंकून आला की मग बोलायचा. पहिल्या भेटीत त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "रावसाहेब, तुम्हाला सायकल पाहिजे का बैलगाडी?"

"त्या रस्त्यावर मोडणार नाही अशी सायकल पाहिजे."

"न मोडणारं काही नसतं. कुठं मोडलेलं चालेल ते सांगा, मग बघू."

उत्तर द्यायला मला पुढची फेरी लागली. जव्हारला जाऊन विचार केला आणि महिन्याने येऊन त्याला सांगितलं की, जे मोडल्यावर आमचा लोहार ठोकून सरळ करू शकेल ते मोडलेलं चालेल. ज्याला नाशिकहून वस्तू मागवावी लागेल ते चालणार नाही. म्हाताऱ्याने मान डोलावली. तिथून पुढे आमचं जमलं.

ब्रेक सळईचे घेतले. तारेचे ब्रेक हलके, देखणे, पण तार तुटली की संपलं. सळई वाकली तर दगडावर ठोकून सरळ करता येते. पायडलं जाड रबरी ठोकळ्यांची. लोखंडी दातेरी पायडलं जास्त टिकतात, पण वहाणेचा तळ खातात, आणि वहाण तुटली की मग काय करायचं. बैठक जाड चामड्याची, मागे दोन स्प्रिंगा. सगळ्या नटांना एकच पाना लागला पाहिजे, हा माझा हट्ट. त्यासाठी त्याने जुन्या डब्यांतले नट अर्धा दिवस धुंडाळले आणि मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असणार. मागच्या चाकाला बत्तीसऐवजी चाळीस तारा, त्याही जाड. रिमची निवड करताना त्याने आधी एक हलकी रिम काढून दाखवली, शर्यतीवाले हीच वापरतात म्हणाला. मी ती जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर उभा राहिलो. ती कुरकुरली.

"अहो, विकत घ्यायच्या आधी मोडता काय?" तो म्हणाला.

"नंतर मोडण्यापेक्षा बरं."

फ्रीव्हील नको म्हणून मी अडून बसलो. पायडल न मारता चाक फिरू देणारा हा भाग. त्याच्या आत बारीक खिट्ट्या असतात, त्या झिजतात. म्हातारा म्हणाला, "फ्रीव्हील नसलं तर घाटात उतरताना पायडलं फिरत राहतील. एक दिवस पाय मोडून घ्याल."

"पाय मोडला तर बरा होतो."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी लेकरं किती?"

"एक होती."

तो बाहेर जाऊन थुंकून आला. मग त्याने फ्रीव्हील बसवून टाकलं, माझं न ऐकता. मीही मग चाक धरून दिलं.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या हबाला लागला. चाकाच्या मधोमध जो नळीसारखा भाग असतो तो हब. त्याच्या आत पोलादी छर्रे असतात आणि त्यांच्यावर सगळं ओझं फिरतं. वरच्या बाजूला तेल घालायचं भोक असतं. काही हबांना ते उघडंच असतं, काहींना स्प्रिंगचं सरकतं झाकण. मी झाकणाचा निवडला. झाकण बोटाने सरकवायचं, तेल सोडायचं, सोडलं की ते आपोआप मिटतं. धूळ म्हणून आत जाणार नाही. घरी येऊन मी बायकोला ते झाकण तीन-चारदा उघडून मिटून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे." तिने तोवर लशीच्या मडक्याला गोधडीच्या तुकड्यांची पिशवी शिवून ठेवली होती, उन्हात मडकं थंड राहावं म्हणून. ते तुकडे कुठल्या गोधडीचे होते हे मी ओळखलं. ती गोधडी लहान होती. मी पिशवीत मडकं घालून बघितलं, ते बरोबर बसलं.

दिवाळीनंतर सायकल पुरी झाली. काळी, जड, दिसायला अगदी बोजड. कॅरियरवर नागलीचं पोतं बांधून मी ती जामसर गावापर्यंत नेली आणि परत आणली. मग दोन पोती बांधून नेली. रस्त्यात लोक विचारायचे, काय डॉक्टर, धान्याचा धंदा काढला का? मी म्हणायचो, हो. खडकावरून मुद्दाम नेली, ओढ्यातून नेली. एक तार ढिली झाली नाही. सोमवारी सकाळी ओटीवर बसून एकेका भोकात तेल सोडायचं, चेन पुसून तेल लावायचं, हा नेम झाला. तेलाची कुपी प्रवासातही सोबत असायची. ती सायकल मोडणार नाही याची मला खात्री झाली होती. खात्री होती तरी आनंद असा झाला नाही.

माघ संपता संपता वावर गावाकडच्या एका पाड्यावरून निरोप आला की माता आली आहे. देवीच्या रोगाला तिकडे माताच म्हणतात. मी सायकल घेऊन गेलो. चढावर ढकलावी लागली, पण गेली. पाड्यावर सात-आठ झोपड्या. एका घरात एक बाप्या अंगभर फोडांनी भरून पडला होता, दाराला लिंबाचे डहाळे लावले होते. त्या घरची म्हातारी आजी पाड्यात सगळ्यांना धाकात ठेवून होती, तिनेच निरोप धाडला होता. मी घरोघरी जाऊन पोरं मोजली. लस कधीच न टोचलेली अकरा होती. रोग पोरांत अजून शिरला नव्हता. अकरांपैकी एक मुलगी चार वर्षांची असावी. वय कुणालाच सांगता येत नव्हतं, मला ते बघून कळलं.

"चार दिवसांत लस घेऊन येतो," मी म्हाताऱ्या आजीला सांगितलं. "तोवर त्या घरात पोरांना सोडू नका."

"ये," ती म्हणाली. "तू आलास तर बरा व्हईल."

बाहेर आलो तर सायकल लखलखत होती. पाड्यावरच्या माणसांनी ती धुऊनपुसून काढलेली दिसत होती. मला वाटलं, पाहुण्याची गाडी म्हणून केलं असेल. वर्षभरात पहिल्यांदा बरं असं काहीतरी वाटलं, इतकी ती चांगली दिसत होती. तसाच निघून जव्हारला आलो, मुक्काम केला आणि पहाटे इगतपुरीची वाट धरली. तेल घातलं नाही. तेल सोमवारी घातलं होतं.

मोखाडा ओलांडलं आणि मागून चर्र चर्र आवाज सुरू झाला. थांबून झाकण सरकवलं आणि कुपीतलं तेल आत सोडलं. आवाज थोडा वेळ गेला, मग वेगळा आला, जात्यात खडा गेल्यावर येतो तसा. पुन्हा तेल सोडलं. धुळीचे दिवस आहेत, झाकण म्हणजे काही देऊळ नव्हे, धूळ गेली असेल, अशी मी समजूत घालत होतो. दुसऱ्या दिवशी इगतपुरी गाठली, रात्र काढून लस घेतली, मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून गोधडीच्या पिशवीत घातलं आणि मागे फिरलो. परतीच्या वाटेवर, सूर्यमाळच्या डोंगराकडे फुटणारी वाट मागे टाकून थोडा पुढे आलो आणि मागचं चाक अडकलं. पायडल मारलं तर चाक फिरेना. उतरून ढकलायला गेलो, तेव्हाही ते जमिनीवर घासत चाललं.

पान्याने चाक सोडवलं. माझ्या हट्टाप्रमाणे सगळे नट एकाच पान्याने निघाले. हब उघडला तर आत करडा चिखल होता. तेलात मळलेली राख. छर्रे झिजून वेडेवाकडे झाले होते, दोन फुटले होते, त्यांच्या बसायच्या खोबणीवर खोल चरे पडले होते. चेनच्या कडीकडीत तीच राख. मी ती बोटाला लावून बराच वेळ बघत बसलो. चाळीस तारा जशाच्या तशा होत्या. रिम सरळ होती.

तिथे मला राग यायला हवा होता. आला नाही. रस्त्याकडेच्या एका घरात सायकल ठेवली, पिशवी गळ्यात अडकवली आणि चालू लागलो. चालताना मनात एवढंच होतं की अकरा पोरं आहेत. मोखाड्याला रात्र काढली, दुसऱ्या दिवशी जव्हार, तिसऱ्या दिवशी वावरकडचा पाडा. मी चार दिवस म्हटलं होतं, सहा झाले. वाटेत प्रत्येक ओढ्यावर फडकं ओलं केलं, सावलीसावलीने चाललो, पण नळ्यांत जे काही होतं ते जिवंत आहे की मेलेलं, हे मला कुणी सांगू शकत नव्हतं.

पाड्यावर रोग दुसऱ्या एका घरात शिरला होता, तिथेही मोठ्या माणसाला. पोरांना अजून लागण नव्हती. अकराच्या अकरांना टोचलं. शेवटच्या पोराचा दंड पुसून झाल्यावर मी म्हाताऱ्या आजीला विचारलं, माझ्या सायकलीत राख कुणी घातली?

"घातली नाय, राखेनी घासली," ती म्हणाली. "तुझ्या गाडीला तेल व्हता. घरात माता आलेली. तेलाची गाडी मातेच्या दारात कशी ठेवायची? त्या भोकातलाबी तेल काढला, काडीला चिंधी बांधून."

"मला सांगायचं तरी."

"तू आत पोरांना बघत व्हतास. तुझ्याच भल्याचा केला. तेल घेऊन मातेच्या दारी आलास, तर घरी तुझ्या पोरांना तरास झाला असता."

मला पोर नाही, हे तिला माहीत नव्हतं. मी मान हलवली. आमच्या घरीही फोडणी बंद होती, आणि मी एवढा रीतभात बघितलेला माणूस, ओटीवर तेल पाजलेली सायकल घेऊन थेट मातेच्या दारात गेलो होतो. वर्षभर मी रस्त्याचा विचार केला, खडकाचा केला, धुळीचा केला, लोहाराचा केला. ज्यांच्याकडे जायचं त्या माणसांचा केला नाही.

आठव्या दिवशी पुन्हा गेलो, पायीच. म्हाताऱ्या आजीने पोरं अंगणात ओळीने बसवली होती, बाह्या वर करून. पहिल्याचा दंड बघितला, फोड उठला होता, टपोरा, मधे खळगा असलेला. दुसऱ्याचा उठला होता. तिसऱ्याचा. मोजत गेलो. दहा दंडांवर फोड होते. अकरावी ती चार वर्षांची मुलगी. तिचा दंड कोरा होता.

मी तो उजेडाकडे वळवून बघितला, बोटाने चाचपला. काही नव्हतं. नळ्या संपल्या होत्या.

"हिला लागली नाही," मी म्हणालो. "नवी लस आणावी लागेल. सायकल नाही. पाच-सहा दिवस तरी जातील."

"कशाला?" म्हाताऱ्या आजीने शेजारच्या पोराचा दंड धरून पुढे केला. "ह्याच्यात हाय ना. ह्यातला काढ नि तिला लाव."

"आता असं करत नाहीत."

"कोण नाय करत? मी हिच्याएवढी व्हते तवा एक डागदर आला व्हता. एक पोर खांद्यावर बसवून आणलेला. त्या पोराच्या दंडातला काढला नि आम्हा सगळ्यांना लावला. हा बघ." तिने पदर बाजूला करून दंडावरचा जुना गोल वण दाखवला.

ती खोटं सांगत नव्हती. कामावर घेताना मलाही हे शिकवलं होतं: पूर्वी एका दंडातून दुसऱ्या दंडात अशीच लस नेत, पण त्यातून एका पोराचे दुसरे रोग दुसऱ्याला जातात, म्हणून आता मनाई आहे, लस फक्त नळीतून घ्यायची. मी ते एकदा ऐकलं, नियम म्हणून लक्षात ठेवलं आणि ती वाट डोक्यातून बंद करून टाकली. मी त्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्या पिशवीच्या गोधडीवरच्या फुलांना बोट लावून बघत होती. दोन घरांपलीकडे रोग होता.

मी सुई उकळत्या पाण्यातून काढली. दहांमधला सगळ्यात निरोगी पोरगा निवडला, त्याच्या फोडाच्या कडेला हलकेच टोचलं. स्वच्छ पाण्यासारखा थेंब वर आला. तो सुईवर घेऊन मुलीच्या दंडावर चोळला. सगळं मिळून पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागला.

आणि तेवढ्या वेळात मला आमची आळी दिसली. आठ पोरं, आठ दंड. त्यातला एक आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातला. त्याचा फोड मी स्वतः तपासला होता, असाच टपोरा होता, त्याच्यापुढे वहीत 'उत्तम' असं लिहिलं होतं. मग घरी येऊन माझ्या मुलीचा कोरा दंड बघितला आणि सायकल मागायला गेलो. जे आणायला मी इगतपुरीला गेलो ते आमच्या दारापासून दहा पावलांवर होतं.

मी तिथे, त्या अकरा पोरांसमोर, रडलो. मोठ्याने रडलो, नाक गळेपर्यंत. त्या मुलीला वाटलं सुई मलाच लागली, ती हसायला लागली. म्हाताऱ्या आजीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पोरांना पिटाळलं.

पुढच्या आठवड्यात जाऊन बघितलं. मुलीच्या दंडावर फोड उठला होता. पाड्यावरची अकराही पोरं त्या साथीतून वाचली. दवाखान्याच्या वहीत मी 'अकराही पोरं, नळीची लस' असं लिहिलं, ते खोटं होतं.

फोड बघितला त्याच संध्याकाळी घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "त्या पोरीचा उठला?"

"उठला."

मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या पोराच्या दंडातून कशी लस घेतली ते सांगितलं. मग म्हणालो, "आपल्याही आळीत होती. शेजारच्याच्या दंडात होती. मला सुचलं नाही. चाकामुळे काही झालं नाही. मला सुचलं नाही."

तिने सूप खाली ठेवलं.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "माझ्या माहेरी जुन्या काळी तसंच टोचायचे. शेजारच्याच्या दंडातलं हिला लावता येतं का, असं मी विचारलं होतं. तुम्ही निघालात त्या दिवशी, ओटीवर."

मला आठवेना. मी खूप आठवून बघितलं. तिचा आवाज, ओटी, ती सकाळ, काहीच येईना.

"मग मी काय म्हणालो?"

"काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही चाकात हवा भरत होता."